अडकलेला क्रँक आणि तीन सुताची पिन

मंडळी, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बंदी. होड्या वर ओढल्या, ताडपत्र्या घातल्या, जाळी माळ्यावरून खाली आली, इंजिन मिस्त्रीच्या रांगेत लागलं. या दिवसांत घरातलं वर्षभर राहून गेलेलं एकेक काम पुढे येऊन उभं राहतं. आमच्याकडे यंदा उभी राहिली ती बाबांची सायकल.

सायकल म्हणजे तीच, आपल्या प्रत्येकाच्या घरात एके काळी असलेली काळी, चोवीस इंची. दांड्याचे ब्रेक, मागे भलंमोठं लोखंडी कॅरिअर. बाबा त्यावर दोन पाट्या बांधून शापोऱ्याहून म्हापशाच्या वाटेवरच्या वाड्यांत मासळी घेऊन जायचे. ते गेल्यावर सायकल जाळ्यांच्या खोपीला टेकून राहिली. सहा पावसाळे, सहा उन्हाळे, आणि वर्षभर समोरून येणारा खारा वारा.

ती आठवली माझ्या चुलतभावामुळे. बरीच वर्षं खलाशी म्हणून होता. मार्चमध्ये डेकवर घसरला आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, हा हंगाम हलत्या डेकवर उभं राहायचं नाही. सायकल चालव, पण चढ आला की उतरून चाल. तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, काकांची सायकल दे. बंदीत सुकं विकतो, ऑगस्ट लागला की जेटीवरून ताजं घेऊन फिरतो." नवी घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, आणि माझ्यासमोर इंजिनाचं बिल होतं.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन, हे सगळं बाजारात मिळतं. खरी अडचण मधोमध होती. पायडल फिरेना. जोर लावला की आतून करकर आवाज आणि मग एकदम ठप्प. म्हणजे खालच्या बीबीतले छर्रे गंजून वाटीला चिकटलेले. ते बदलायचे तर आधी दोन्ही क्रँक काढायला हवेत. क्रँक म्हणजे ज्या दांडीच्या टोकाला पायडल असतं ती. सायकल दुकानात नेली. दुकानदाराने क्रँक हलवून पाहिला, पिनेवरचा गंज नखाने खरवडला आणि म्हणाला, "हे निघणार नाही. भंगारात घाला." त्याचंही फार चुकलं नाही. दोन तास घालवून त्याला काय मिळणार होतं?

आपल्याला मात्र बंदीत तासांची कमी नाही.

आत नेमकं काय अडकलेलं असतं

जुन्या सायकलीचा क्रँक लोखंडी, आतला एक्सलही लोखंडी. एक्सलच्या टोकावर एक सपाट खाच असते. क्रँकच्या डोक्यातून आडवी एक पिन जाते, तिला दुकानात कॉटर म्हणतात. ती तीन सूत जाडीची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. तिची एक बाजू तिरकी तासलेली असते आणि ही तिरकी बाजू एक्सलच्या खाचेवर घट्ट बसते. पिनेचं एक टोक जाड, दुसऱ्या बारीक टोकाला आटे आणि वर छोटा नट.

बहुतेकांना वाटतं की नट पिनेला ओढून धरतो. तसं नाही. पिन धरून ठेवते ती तिच्या पाचरीमुळे. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतो तसंच हे. नट फक्त पाचर मागे सरकू नये म्हणून असतो. म्हणूनच नट काढला तरी पिन हलत नाही, आणि माणूस वैतागून हातोडी उचलतो.

त्यात आपला खारा वारा. मिठाचा ओलावा पिन आणि क्रँकमधल्या केसाएवढ्या फटीत शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट गच्च भरते. आधीच पाचर, वर गंजाचं सिमेंट.

आम्ही केलेली चूक

उजव्या बाजूने सुरुवात केली, चेनच्या बाजूने. नट पूर्ण काढला, कारण तोच अडवतोय असं वाटलं. सायकल स्टँडवर लावली, क्रँक अधांतरी, आणि भावाने लहान हातोडीने टकटक सुरू केली. दहा-बारा ठोके झाले तेव्हा पिनेचं आट्याचं टोक अळंबीसारखं पसरलं आणि बाजूला वाकलं. पिन जागची हलली नाही. आता नटही परत चढेना.

तेवढ्यात आमच्या इंजिनाचे मिस्त्री आले. दारातूनच ओरडले, "अरे, होडीचा पंखा काढताना असाच नट फेकून घण घालतोस काय रे?"

मी गप्प बसलो. पंख्याच्या शाफ्टचं टोक असंच निमुळतं असतं, पंखा त्यावर पाचरीसारखाच बसतो. पंखा काढताना आपण नट पूर्ण काढत नाही, दोन-चार आट्यांवर ठेवतो, म्हणजे पंखा सुटला तरी उडत नाही आणि आटेही वाचतात. पुलर लावतो, ताण देतो, थांबतो, मग एकच ठोका देतो. दर वर्षी करतो. सायकल लहान म्हणून तिथे अक्कल वापरावीशी वाटली नाही.

अधांतरी क्रँकवर ठोकण्यात आणखी एक तोटा असतो. ठोक्याचा जोर पिनेत जिरतच नाही. क्रँक खाली दबतो, एक्सल दबतो, आणि मार बसतो छर्ऱ्यांना आणि त्यांच्या वाटीला. वाटीत बारीक खड्डे पडले की नवे छर्रे घालूनही सायकल खडखडतच राहते.

डावा क्रँक: नीट केलेलं काम

मिस्त्रींनी त्या दिवशी हातोडीला हातच लावू दिला नाही. आधी तारेच्या ब्रशने पिनेची दोन्ही टोकं आणि क्रँक-एक्सलचा सांधा लख्ख केला. मग तेल. आमच्याकडे डबा होता डिझेलचा, त्यात थोडं पातळ ऑइल मिसळलं. बाजारातलं गंज सोडवायचं स्प्रे तेल असेल तर उत्तमच, पण नुसतं डिझेल किंवा रॉकेलही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. पिनेच्या वरून, खालून आणि एक्सलच्या बाजूने, तिन्हीकडून थेंब थेंब. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. घाई असेल त्याने या कामात पडूच नये.

चौथ्या दिवशी पाइप. अर्ध्या इंची पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला. क्रँक आडवा केला, म्हणजे पिन उभी राहते. नटाचं टोक वर, जाड टोक खाली. पाइप जमिनीवर उभा करून त्याचं वरचं तोंड क्रँकच्या डोक्याखाली असं बसवलं की पिनेचं जाड टोक पाइपच्या भोकात मोकळं राहील. पाइपची लांबी मापून कापायची. आमचा एक फुटाला थोडा कमी भरला. मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जाईल इतकी उंची ठेवली. आता ठोका बसला की जोर पिनेतून क्रँकमध्ये, क्रँकमधून पाइपमध्ये आणि पाइपमधून जमिनीत. छर्ऱ्यांना काही लागत नाही. खाली जमीन सिमेंटची किंवा चिऱ्याची हवी. मऊ मातीवर पाइप रुततो आणि सगळा जोर वाया.

नट इतपत सैल केला की त्याचा वरचा पृष्ठभाग आट्यांच्या टोकाशी बरोबर जुळला. मग घाव नटावर आणि पिनेवर एकाच वेळी पडतो, आटे दबत नाहीत. नटाखाली जी फट राहते तेवढी जागा पिनेला सरकायला पुरते.

आणि हातोडी? जड. किलोभराची. इथे बरेच जण उलटं करतात, नुकसान होईल म्हणून हलकी हातोडी घेतात. हलक्या हातोडीचे वीस ठोके पिनेचं टोक पसरवतात, जड हातोडीचा एक सरळ ठोका पिन हलवतो. भावाने सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली, मिस्त्रींनी नेम धरला. डोळ्यांवर चष्मा होता, तुम्हीही लावा, गंजाचे कण उडतात. पहिला ठोका, काही नाही. दुसरा, आवाज बदलला. आधीचा आवाज भरीव होता, हा जरा पोकळ. मिस्त्री हसले. तिसऱ्याला नट खाली क्रँकवर टेकला. मग नट काढून, पिनेपेक्षा बारीक लोखंडी पंचाने उरलेली पिन खाली ढकलली आणि ती पाइपमध्ये टणकन पडली.

तीन दिवस वाट पाहिली आणि काम तीन ठोक्यांत झालं.

हातोडी मारायला जागा किंवा ताकद नसेल तर बाकावरचा वाइस किंवा मजबूत सी क्लॅम्प घ्या. पिनेच्या जाड टोकाकडे पाइपचा छोटा तुकडा किंवा सॉकेट ठेवायचं, म्हणजे पिनेला आत शिरायला जागा मिळते. दुसऱ्या बाजूने क्लॅम्पचा स्क्रू आट्याच्या टोकावर. आवळत न्यायचं, थांबायचं, क्रँकच्या डोक्यावर बाजूने हलका ठोका, परत थोडं आवळायचं. पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, घाबरू नका. माझ्या मते हीच पद्धत हातोडीपेक्षा बरी, पण क्लॅम्प दणकट हवा. सुताराचा पातळ क्लॅम्प वाकून बसेल.

शेगडी किंवा ब्लो लॅम्पने क्रँक तापवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. उष्णतेने गंजाची पकड सुटते हे खरं. पण तुम्ही आताच तिथे डिझेल ओतलेलं असतं. आधी कोरड्या फडक्याने सगळं पुसा. खोपीत नायलॉनची जाळी, शेजारी फायबरची होडी आणि डिझेलचे कॅन असतील तर तो विचारच सोडा. मोकळ्या अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून, एवढ्याच अटीवर.

उजवा क्रँक: बिघडवलेलं दुरुस्त करणं

वाकलेल्या पिनेवर आता ठोकण्यात अर्थ नव्हता. वाकलेलं टोक भोकात शिरणारच नाही. म्हणून ते हॅक्सॉने क्रँकच्या पृष्ठभागाला लागून कापलं. कापलेल्या तोंडाच्या अगदी मधोमध पंचाने खूण केली. मग ड्रिल: आधी तीन मिलिमीटर, मग पाच, मग साडेसहा. कॉटर पिनेचं लोखंड मऊ असतं, ड्रिल आरामात जातं. पण सरळ धरायचं. तिरकं गेलं तर एक्सल नाही तर क्रँक खाईल, आणि मग नुकसान खरंच मोठं. मध्ये मध्ये तेलाचा थेंब, आणि ड्रिल सावकाश.

पिन आतून पोकळ झाली की तिच्या भिंतींचा ताण सुटतो. परत पाइप खाली, वर जाडसर पंच, आणि जड हातोडी. दोन ठोक्यांत चुरगळलेली पिन बाहेर. पण त्याला अख्खी दुपार गेली, आणि एक ड्रिल बिट तुटलं. पहिल्या दिवशीच्या त्या दहा-बारा ठोक्यांचा हा हिशेब.

क्रँक निघाल्यावर आतली अवस्था दिसली. छर्ऱ्यांच्या जागी तपकिरी लापशी. एक्सल मात्र शाबूत, त्यावर बोट फिरवलं तर खड्डा लागत नव्हता. वाट्या काढताना लक्षात ठेवा: या सायकलींत चेनच्या बाजूची वाटी उलट आट्यांची असते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. पण ती चांगली असेल तर काढूच नका, जागेवरच रॉकेलने धुवा. छर्रे दोन सुताचे, प्रत्येक बाजूला अकरा. होडीसाठी वापरतो ते पाण्याला टिकणारं ग्रीस सढळ हाताने भरा. आपल्याकडे त्याची काय कमी?

डावं पायडलही काढायचं असेल तर तेही उलट आट्यांचं. लोक जोर लावून लावून ते आणखी घट्ट करतात.

पोरांच्या गिअरच्या सायकली

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी आता याच सायकली आहेत. बऱ्याच गिअरच्या सायकलींत क्रँक ॲल्युमिनियमचा आणि आतला एक्सल लोखंडी, चौकोनी, टोकाला निमुळता. पिन नसते, क्रँक सरळ एक्सलवर दाबून बसवतात आणि मधोमध बोल्ट.

लोखंड, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की काय होतं ते होडीवाल्यांना सांगायला नको. त्यासाठीच तर आपण होडीच्या तळाला झिंकचा तुकडा लावतो, झिंक झिजतं आणि पंखा वाचतो. सायकलीला झिंक नसतं, तिथे ॲल्युमिनियमच झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी क्रँक-एक्सलच्या मध्ये घट्ट बसते.

इथे हातोडी नाहीच. क्रँक पुलर लागतो, २२ मिलिमीटर आट्यांचा, सायकल दुकानात मिळतो. आधी मधला बोल्ट काढा आणि त्याच्याखालचा वॉशरही काढा. वॉशर आत राहून गेला आणि पुलर आवळला तर क्रँकचे मऊ आटेच उपटून येतात. हेच सगळ्यात जास्त वेळा होतं. पुलर हाताने शेवटपर्यंत आत फिरवा, अर्धाच बसवून ताण देऊ नका. तरीही निघत नसेल तर क्रँकच्या डोक्यावर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे क्रँक एक्सलवरून सैल होतो. पाणी ओतलं की लगेच पुलर आवळा, थंड व्हायची वाट पाहू नका.

आटे आधीच गेले असतील तर इंजिन मिस्त्रीकडचा दोन पायांचा बेअरिंग पुलर उपयोगी पडतो. बोल्ट काढून तसंच चालवत राहिलं की क्रँक आपोआप सैल होतो, असंही सांगणारे भेटतील. होतो सैल. पण त्यात क्रँकचं चौकोनी भोक खराब होतं, आणि रस्त्यात क्रँक निसटला तर मागून ट्रक येत असतो. कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा, तो क्रँकच खातो.

परत बसवताना

नवी कॉटर पिन चहा-भज्याच्या पैशात मिळते. जुनी पिन खिशात घालून दुकानात जा, कारण काही सायकलींना नऊ मिलिमीटरची लागते आणि नुसत्या नजरेला फरक कळत नाही. दोन्ही पिना एकाच मापाच्या, एकाच जोडीतल्या घ्या.

बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट्या दिशेने जातात. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत, एक पाय पुढे आणि दुसरा भलत्याच ठिकाणी. पिनेची तिरकी बाजू एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकते का ते बघा. पिन फार कमी आत जात असेल तर ती बाजू कानसने थोडी घासा, पण सपाट राहिली पाहिजे. पिनेवर ग्रीसचा हलका हात मी फिरवतो. काही जण कोरडीच घालावी म्हणतात, पण ती पुन्हा काढायची वेळ माझ्यावरच येणार.

परत तोच पाइप खाली, यावेळी पिनेचं जाड टोक वर. ठोका, नट आवळा, पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. नुसता नट आवळून पिन ओढायचा प्रयत्न केला तर आटे जातात.

यानंतरची गोष्ट बहुतेकजण विसरतात. नवी पिन पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, नट सैल पडतो. सैल पिनेवर पायडल मारताना प्रत्येक फेरीला खटका लागतो. तो खटका ऐकून न ऐकल्यासारखा केला तर पिन आतून चेपते, एक्सलची खाच गोल होते, आणि मागे तीस किलो मासळी असताना उतारावर पाय सटकतो. दोन-तीन दिवसांनी एकदा, पुढे पन्नासेक किलोमीटर झाले की एकदा, नट तपासायचा.

भाऊ गेल्या सोमवारी पहिल्यांदा सुके बांगडे आणि सुंगटं घेऊन निघाला. चढावर उतरून चालला, उतारावर बसला. दुपारी परतला तेव्हा पाटी जवळजवळ रिकामी होती. बुधवारी संध्याकाळी दारात सायकल उभी करून म्हणाला, "दादा, डाव्या बाजूला किंचित खटका येतोय."

मी पाना घेऊन बाहेर आलो. नट अर्धा फेरा फिरला.